एक पातेलं, पाच पानं

॥ श्री ॥

मल्लेश्वरम, बेंगळूरु
मार्गशीर्ष, रविवार

चि. बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, आमच्याकडे गॅस एक आणि चुली चार झाल्यात." हसलास खरा, पण आवाज दमलेला होता. मी काही सांगायला तोंड उघडलं आणि तुझी मीटिंग लागली. तुझं घर व्हाइटफील्डला, माझं मल्लेश्वरमला. निपाणीहून बेळगाव गाठावं तेवढ्या वेळात इथे आपण एकमेकांकडे पोचलो तर नशीब. म्हणून कागद घेतला. वाचून झाल्यावर सूनबाईलाही दे, कारण यातलं निम्मं तिच्या आईकडूनच शिकलेलं आहे.

तू सांगितलंस त्यावरून मला दिसतं ते असं. माझ्या दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, किडनीचे रिपोर्ट बिघडलेत, म्हणून त्याचं अळणी वेगळं. वहिनीची साखर, म्हणून तिचं वेगळं. छोटीला गव्हाचा त्रास निघाला, सिलियाक म्हणाले डॉक्टर, तिचं तिसरं. आणि तुम्ही दोघं रात्री दहा वाजता उरलंसुरलं खाता, नाहीतर फोनवरून मागवता. म्हणजे चार स्वयंपाक करून घरातली दोन धडधाकट माणसं उपाशी. पैसे जातात ते याच मागवण्यात, आणि छोटीसाठी आणलेल्या त्या 'ग्लूटेन-फ्री' बिस्किटांच्या महागड्या पुड्यांत. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी यांच्यात ग्लूटेन मुळात नसतंच. आपल्या पणजीनं कोणाच्या लेबलाविना तेच खाल्लं.

चार स्वयंपाक करू नकोस. एकच कर, आणि कुठली वाट कुठे फुटते एवढं लक्षात ठेव. त्यासाठी आधी पथ्यं निवडून घे, तांदूळ निवडतो तशी. तुझ्या घरात पथ्यांच्या जाती दोनच आहेत. दादाचं मीठ आणि वहिनीचा भात ही मापाची पथ्यं. ती पातेल्यात नाही, पानात पाळायची, वाढताना ठरतात. छोटीचं पथ्य मापाचं नाही, स्पर्शाचं आहे. ते पानात पाळून भागत नाही. ते दुकानात, गिरणीत, चाळणीत पाळावं लागतं. तू आज नेमकं उलटं करतोस. दादासाठी वेगळं पातेलं चढवतोस आणि छोटीची भाकरी त्याच पोळपाटावर थापतोस ज्यावर सकाळी पोळ्या लाटल्या.

तुला आजीचं सोवळं आठवत नसेल, तू फार लहान होतास. निपाणीच्या घरात ती ओलेती होऊन सोवळ्यात स्वयंपाकाला बसली की आम्ही पोरांनी उंबरा ओलांडायचा नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना मुद्दाम जाऊन तिच्या आमटीच्या पातेल्याला बोट लावलं होतं. तिनं सगळी आमटी गुरांच्या पाटीत ओतली आणि पुन्हा डाळ धुवायला घेतली, एक शब्द न बोलता. पुढे कॉलेजात मी सोवळ्या-ओवळ्यावर केवढी भाषणं ठोकली! ज्या कारणानं ती शिवाशिव चालायची ते कारण मला आजही मान्य नाही. पण तिचा हात, तिची शिस्त, कुठलं भांडं कुठे आणि कुठला चमचा कशात, ती आता या वयात उपयोगी पडते आहे. छोटीसाठी सोवळं पाळ. माणसांचं नको, पिठाचं.

म्हणजे काय, तर लाकडी पोळपाट-लाटणं तिचं नवं आण. लाकडाच्या रेषांत पीठ बसतं, घासून निघत नाही. चाळणी वेगळी, तवा वेगळा, आणि पीठ मळायची परात शक्य तर स्टीलची आणि तिच्यापुरती. तिची भाकरी आधी, गॅसजवळ दुसरं काही सुरू व्हायच्या आत. आणि खरं सांगू? घरात कोरडी कणीक उघडूच नकोस. ती हवेत उडते, ओट्यावर बसते, फडक्याला लागते. दादाला पोळीशिवाय चैन पडत नाही हे मला माहीत आहे, साठ वर्षं बघते आहे. पोळीभाजी केंद्रातून त्याच्यापुरत्या दोन तयार पोळ्या आणाव्यात, त्याच्या ताटात वाढाव्यात, ताट वेगळं घासावं. पीठ उडण्यापेक्षा हे परवडतं.

गिरणी हा शब्द कन्नडातही गिरणीच आहे, आणि धोकाही दोन्ही भाषांत तोच. तू नाचणी दळायला देतोस त्याच जात्यात तुझ्याआधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात, आणि त्यातलं मूठभर तरी तुझ्या पिठात येतं. 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत हवं, असा आपल्याकडचा नियम आहे. गिरणीतल्या त्या एका मुठीपुढे वीस मिलिग्रॅम काहीच नाही. म्हणून नाचणी अख्खी आण, निवड, धू, वाळव आणि घरी दळ. घरघंटी परवडत असेल तर घे, नसेल तर मिक्सरवर थोडी थोडी. मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून दळलीस तर सत्त्व होतं, ते तिला सकाळी दुधात दे. सिलियाकमध्ये आतडं दुखावलेलं असतं, अन्नातलं कॅल्शियम-लोह नीट अंगी लागत नाही, आणि शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तांदळात त्याचा दहावा हिस्साही नाही.

आता हिंग. शेजारच्या घरातल्या नातवाला हेच दुखणं आहे. गहू बंद केला, रवा-मैदा बंद केला, तरी पोरगं दर दोन-चार दिवसांनी पोट धरून बसायचं. सगळे हैराण. शेवटी मी त्यांच्या मिसळणाच्या डब्यातली हिंगाची डबी उलटी करून भिंग लावून वाचली. बाजारात मिळणारा हिंग निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक असतो आणि बहुतेकदा मैदा. चिमूटभर असतो म्हणून कोणी मोजत नाही. आमटीत हिंग, सांबारात हिंग, पुडीच्या मसाल्यात हिंग. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, डबीवर लिहिलेलं असतं. नाही मिळाला तर हिंगाशिवाय फोडणी कर, लसूण ठेच. आकाश कोसळत नाही. इथल्या पाकिटांवर कन्नडात 'गोधी' हा शब्द शोधायला शीक. गोधी म्हणजे गहू. चिरोटी रवा, बन्सी रवा, सगळं गोधीच. शाविगे घेशील तर 'अक्की' लिहिलेली, ती तांदळाची.

आणि इडलीला भिऊ नकोस, पण रवा इडलीला भी. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा रव्याची इडली केली, असं एमटीआरवाले सांगतात. लालबागजवळ त्यांचं हॉटेल आहे, आणि धंदा १९२४ सालापासूनचा. आपल्या घरात आता त्याच्या उलट दिवस आलेत: रवा बंद, तांदूळ चालू. साधी तांदळाची इडली छोटीला चालते. हॉटेलात मात्र डोसा नको, कारण त्याच तव्यावर आधी रवा डोसा झालेला असतो.

लेबल वाचण्यावरून आठवलं. माझ्या घरून यशवंतपूरकडे निघालं की टाटा इन्स्टिट्यूटची झाडी लागते. तुम्ही आयआयएस्सी म्हणता, इथले जुने रिक्षावाले अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. १९३३ साली मुंबईची कमला भागवत नावाची मुलगी तिथे शिकायला आली. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी आधी नकारच दिला. तिनं हट्ट सोडला नाही, तेव्हा एक वर्ष अटींवर घेतलं. त्या वर्षात तिनं असं काम करून दाखवलं की पुढे मुलींना दार उघडलं. आणि काम कशावर केलं? दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर. गरिबाच्या ताटात जे असतं त्यावर. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये डॉक्टरेट. याच त्या कमलाबाई सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. एका बहिणीनं डाळीतलं प्रथिन मोजलं, दुसरीनं 'खमंग' लिहिलं. एका घरात दोन्ही असावं, नाही का? उतारवयात कमलाबाई मुंबईच्या ग्राहक चळवळीत उतरल्या, त्या चळवळीच्या 'कीमत' मासिकात लिहीत. मी हिंगाच्या डबीला भिंग लावते तेव्हा मला त्यांची आठवण येते. तू कधी त्या इन्स्टिट्यूटच्या भिंतीवरून गाडी काढलीस तर तुलाही येऊ दे.

तर डाळी आणि कडधान्यं. तांदूळ-नाचणीच्या प्रथिनात जे उणं असतं ते डाळीत असतं, डाळीत जे उणं ते धान्यात. म्हणून वरणभात, खिचडी, इडली ही जोडपी जमली. मूग, चवळी, कुळीथ, मटकी आळीपाळीनं भिजत घाल. भिजवून, मोड आणून, नीट शिजवून, कच्चं नको. अर्धवट शिजलेलं कडधान्य वहिनीच्या पोटाला बाधतं आणि त्यातलं प्रथिनही नीट पचत नाही.

आता ते एक पातेलं, ज्याच्यासाठी हे पत्र. सूनबाई मंड्याची. तिला विचार, "बस्सारू येतं का?" हसेल. म्हणेल, आमच्याकडे हे कोणाला येत नाही? बसिद सारू, म्हणजे निथळून काढलेल्या पाण्याचं सार. तुला कटाची आमटी माहीत आहे, मग निम्मं शिकून झालंच. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढून आमटी करतो आणि खालच्या डाळीचं पुरण. इथे तेच रोजच्या जेवणात. वाटीभर मूग किंवा तूर मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजत ठेवायची, मऊ होत आली की चिरलेली भाजी टाकायची. शिजली की सगळं रोवळीत ओतायचं आणि खालचं पाणी धरायचं. कांदा-लसूण, जिरं, मिरी, धने, सुकी मिरची भाजून थोड्या खोबऱ्याबरोबर वाटायचं, वाटणात त्यातलीच डावभर शिजलेली डाळभाजी घालायची, चिंचेचं बोट, आणि ते त्या पाण्यात उकळलं की सारू. रोवळीत राहिलेल्याला मोहरी-मिरचीची फोडणी दिली की पल्या, म्हणजे कोरडी भाजी. एक पातेलं, दोन पदार्थ. सोबत भात नाहीतर रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा.

मला या पातेल्याचं कौतुक एवढ्याचसाठी नाही. दादाच्या रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं आहे, तू सांगितलंस. भाजी भरपूर पाण्यात उघडी उकळली की पोटॅशियमचा बराच भाग पाण्यात उतरतो. सगळा नाही, पण बराच. म्हणून किडनीच्या पेशंटला सांगतात, भाजी उकळा आणि पाणी फेका. बस्सारूत ते पाणी फेकायचंच नाही! सारू तुम्ही खा, वहिनीला दे, छोटीला दे. दादाला रोवळीतलं. बघ, मंड्याच्या सासूबाईंनी कुठल्याही डाएटिशियनच्या आधी वाट फोडून ठेवलीय. फक्त तीन गोष्टी. उकळताना मीठ घालायचं नाही. मीठ सारूत आणि पल्यात शेवटी. दादाचा वाटा फोडणीआधी काढून घे, त्याला लसणीची फोडणी, वर लिंबू, खोबरं नाही. आणि ज्या दिवशी पातेल्यात पालक-राजगिरा असेल त्या दिवशी त्याच्यासाठी दोडका, दुधी, पडवळ वेगळ्या छोट्या भांड्यात उकळ. पालेभाजीत पोटॅशियम मुळातच जास्त. कुकरच्या डब्यात भाजी शिजवून हे साधत नाही, कारण उतरलेलं पाणी डब्यातच राहतं. डाळ त्यानं किती खायची, हा आकडा डॉक्टरांकडून लिहून घे. तो रिपोर्टाबरोबर बदलतो. माझ्या पत्रावरून ठरवू नकोस.

हे मी एवढ्या ठासून सांगते, कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. तुझ्या काकांचं प्रेशर वाढलं तेव्हा मी शहाणपणानं कमी सोडियमचं मीठ आणलं. पाकिटावर हृदयाचं चित्र होतं, दुप्पट किंमत होती, मला वाटलं चांगलंच असणार. सोडियम कमी करून त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, हे मागे बारीक अक्षरांत होतं. मी वाचलं नाही. मी, जी आता भिंग घेऊन फिरते. काकांची किडनी तेव्हा आतून थकत चाललेली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. तीन आठवड्यांनी हातपाय गळाल्यासारखे झाले, छातीत धडधड, आणि रात्री इस्पितळात. तिथल्या पोरसवदा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मीठ कुठलं वापरता?" त्यातून ते निभावले, पण ते पाकीट मी अजून टाकलेलं नाही, रिकामं करून फळीवर ठेवलंय. दादाला ते मीठ द्यायचं नाही. साधंच, पण कमी. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळ्या जेवणांचं मिळून सपाट चमचाभर, हे धडधाकट माणसासाठीही सांगितलेलं आहे. त्याला त्याहून कमी सांगितलं असेल तर तेवढंच. लोणचं, पापड आणि चटणीपुडी मोजायला विसरू नकोस. खायच्या सोड्यातही सोडियमच असतं.

आणि त्याचं ताट वेगळं दिसू देऊ नकोस. आजारी माणसाचं जेवण म्हणून वाढलंस तर दादा दोन दिवस जेवेल आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप लोणच्याची बरणी उघडेल. मी त्याला ओळखते. सगळ्यांच्याच जेवणात मीठ कमी टाक, ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. पंधरा-वीस दिवस कुरकुर होईल, मग जिभा वळतात.

वहिनीचं सोपं आहे आणि अवघडही. तिला कोणीतरी सांगितलंय की रागीनं साखर वाढत नाही. वाढते. नाचणी चांगली, पण बारीक पिठाचा मऊ मुद्दे न चावता गिळला जातो आणि भराभर पचतो. इथल्या मिलिटरी हॉटेलात, म्हणजे मटणाच्या खानावळीत, वाढतात तसा चेंडूएवढा मुद्दे तिच्यासाठी नाही. मोसंबीएवढा पुरे, आणि आधी पल्या, कडधान्य खाऊन मग मुद्दे. भाताचंही तेच: वाटी ठरलेली, तीच वाटी रोज. एकादशीला ती साबुदाणा-बटाटा खाते आणि गोळीही घेते, नाहीतर उलट, गोळी घेते आणि काहीच खात नाही. दोन्ही वाईट, दुसरं जास्त. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नाही, हे तिला मी सांगितलं असं सांग. माझ्यावर रागवेल, तुझ्यावर नाही.

खर्चाचं एवढंच. भाजी ॲपवरून नको. हॉपकॉम्सचं दुकान तुझ्या वाटेवर असेल, नाहीतर रविवारी सकाळी गाडी काढ आणि आठवड्याची एकदम आण. दोडका, दुधी, पडवळ यांना इथे हीरेकाई, सोरेकाई, पडवलकाई म्हणतात. नावानं मागितलंस की भाव उतरतो, निपाणीकराला हे सांगायला नको. तांदूळ-नाचणी महिन्याची. सूनबाईला आणि छोटीला अंडं, त्याहून स्वस्त प्रथिन कुठलं? सूनबाईचं मटण आठवड्यातून एकदा होतं ते होऊ दे, दादानं नाक मुरडलं तरी. तिच्या माहेरची नाचणी पोतंभर आणता आली तर बघ. मंड्यातच एक लक्ष्मणय्या होऊन गेले, त्यांना लोक रागी लक्ष्मणय्याच म्हणायचे. भारतीय आणि आफ्रिकी वाणांचा संकर करून त्यांनी भरघोस पिकणारी नाचणी काढली, आणि इंडियातलं इंड, आफ्रिकेतलं आफ जोडून नाव ठेवलं इंडाफ. आंतरजातीय लग्नाचं पीक ते. तुझ्या घरी शोभेल.

आता अवरेकाईचा, म्हणजे इथल्या वालाच्या शेंगांचा, मोसम सुरू झालाय. आमच्या आठव्या क्रॉसच्या बाजारात ढीग लागलेत. हल्ली बारमाही वाण निघालेत, पण थंडीतल्या शेंगेला जो वास असतो, इथले लोक त्याला सोगडु म्हणतात, तो त्यांना नाही. शेंग मोडली की बोटांना तेलकट चिकटतो आणि साबणानं जात नाही. रात्री दाणे भिजवून सकाळी एकेक चिमटीत धरून दाबायचा, साल हातात आणि डाळिंबी टुणकन पातेल्यात. हितकिद बेळे म्हणतात. आपल्या बिरड्याची बहीणच. त्यात गहू नाही, रवा नाही, आणि पाच वर्षांच्या पोरीला तासभर एका जागी बसवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी सगळे या. दोन किलो शेंगा आणून ठेवते. छोटीचा डबा आणू नकोस. तिच्यासाठी नवं पोळपाट-लाटणं घेतलंय, लाटण्याच्या मुठीला लाल दोरा बांधून वरच्या फळीवर ठेवलंय, त्या रिकाम्या मिठाच्या पाकिटाशेजारी. दादाला सांग, लोणच्याची बरणी मी कुलपात ठेवणार आहे.

तुझी,
आत्या